रायबागनच्या गावची पोरं

माहूरच्या पोरांना किल्ल्याचं अप्रूप नाही. सीताफळाच्या दिवसांत ती रामगडाच्या हत्ती दरवाज्यातून इतक्या सहज आत-बाहेर करतात, की हा किल्ला कुणी आणि कशासाठी बांधला हे विचारायची वेळच येत नाही. गोंड राजे, बहामनी, इमादशाही, निजामशाही, मोगल, शेवटी हैदराबादचा निजाम अशी या तटाच्या मालकांची मोठी रांग आहे. पोरांच्या लेखी मालक एकच, तटावर बसणारी वानरं. समुद्र मात्र त्यांनी पाहिलेला नव्हता. पाणी म्हणजे पैनगंगा, मातृतीर्थाचं तळं आणि उन्हाळ्यात गल्लीत येणारा टँकर. दिवाळीनंतर मालवणला जायचं ठरलं, तेव्हा माझ्या थोरलीनं, धाकट्यानं आणि सोबत निघालेल्या भाच्यानं एकच प्रश्न विचारला: पाण्यात किल्ला असतो तर त्याच्या पायऱ्या कुठून सुरू होतात?

सासूबाईंचा हिशेब वेगळा होता. नागपूर–रत्नागिरी महामार्ग आमच्या बाजूनं जातो आणि तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर करत कोकणाकडे उतरतो. त्या म्हणाल्या, "रेणुका आपली घरची. तुळजाभवानी वाटेत, अंबाबाई वाटेत. साडेतीनपैकी तीन पीठं झाली, मग तुमचा किल्ला काय ते बघा." वणीचं अर्ध पीठ पुढच्या खेपेला, असं त्यांनी सप्तशृंगीला मनातल्या मनात सांगून टाकलं असावं. धनोड्याच्या पुलावरून पैनगंगा ओलांडली तेव्हा त्यांच्या मांडीवर तांबुलाचा डबा होता. माहूरहून कुठंही जाताना हा प्रसाद बरोबर असतोच. विड्याची पानं खलबत्त्यात कुटून केलेला, दोन दिवसांत काळपट पडणारा, पण वासानं सगळी गाडी भरून टाकणारा.

तुळजापूरच्या रांगेबद्दल आणि कोल्हापूरच्या उसाच्या गाड्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मागच्या सीटवरची भांडणं थांबवायला सोलापूरनंतर मी रायबागनची गोष्ट काढली, आणि पुढचा सगळा प्रवास त्या गोष्टीनं आपल्या ताब्यात घेतला.

आमच्या माहूरला उदाराम नावाचे देशमुख होते. आधी निजामशाहीत, मग मोगलांकडे. १६२३ मध्ये बापाविरुद्ध बंड करून पळणारा शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, माहूरला आला आणि आपले हत्ती व जड सामान उदारामांच्या हवाली करून गोवळकोंड्याकडे निघून गेला. या वाक्यावर धाकट्यानं मला बराच वेळ अडवून धरलं. हत्ती किती होते, ते काय खायचे, आपल्या हत्ती दरवाज्यातूनच आत गेले का. मला माहीत नव्हतं. पण तो दरवाजा आता त्याच्या डोळ्यांपुढे वेगळा उभा राहिला असणार. त्या घराण्यातल्या जगजीवनरावांची पत्नी सावित्रीबाई. नवऱ्याच्या मागं तिनं जहागीर सांभाळली, बंडाळी मोडायला स्वतः तलवार घेऊन उतरली, आणि औरंगजेबाकडून तिला रायबागन, म्हणजे राजव्याघ्री, हा किताब मिळाला.

इथवर मुलं खूश होती. आपल्या गावची बाई, वाघीण, घोड्यावर. मग मी फेब्रुवारी १६६१ ला पोहोचले. शाइस्ताखान पुण्यात लाल महालात बसलेला. त्यानं कारतलबखान नावाच्या उझबेग सरदाराला कोकण घ्यायला घाटाखाली पाठवलं. बरोबरच्या सरदारांत आमची रायबागन होती. खोपोलीजवळच्या उंबरखिंडीत, दोन्ही बाजूंनी रान दाटलेल्या चिंचोळ्या वाटेवर, शिवाजी महाराजांच्या माणसांनी ही सगळी फौज कोंडली. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना, प्यायला पाणी मिळेना. कवींद्र परमानंदांनी 'शिवभारता'त हा प्रसंग रंगवून सांगितला आहे. तिथं खानाला खडसावते ती रायबागनच. या रानात फौज घालणं हाच वेडेपणा झाला, आता मुकाट्यानं शरण जा, असा तिचा सल्ला. खानानं तो ऐकला. खंडणी आणि सामानसुमान देऊन सगळे जिवानिशी सुटले.

गाडीत शांतता पसरली. थोरली म्हणाली, "म्हणजे ती महाराजांच्या विरुद्ध होती."

"होती."

"काहून?"

या 'काहून'ला माझ्याकडं एक उत्तर होतं. वतन, जहागीर, नोकरी ज्याची त्याची चाकरी, त्या काळात निम्मा मराठी मुलूख कुणाच्या ना कुणाच्या पदरी होता, वगैरे. ते मी दिलंही. पण दहा-अकरा वर्षांच्या मुलाला महाराज आणि महाराजांच्या विरुद्ध अशा दोनच बाजू ठाऊक असतात, आणि यात शाळेचा दोष काढावा असंही मला वाटत नाही. भाच्यानं बराच वेळ खिडकीबाहेर बघून स्वतःपुरता तोडगा काढला. फोंडाघाट उतरताना, पोटात ढवळत असतानाच, त्यानं फर्मान काढलं: "तिथं कुणी सांगायचं नाही आपण माहूरचे म्हणून. नांदेड सांगायचं."

आजींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हे अजिबात पटलं नाही. त्यांचं म्हणणं, कोकणात माहूरवाल्यानं मान खाली घालायचं कारणच काय? ही भूमी परशुरामानं बाण मारून, समुद्र हटवून काढलेली. परशुराम कोण, तर आपल्या रेणुकेचा लेक. वडिलांचे अंत्यसंस्कार करायला तो कावड खांद्यावर घेऊन हिंडत हिंडत आला तो माहूरलाच. आई तिकडं डोंगरावर, लेकाचं शेत इकडं समुद्राकाठी. त्यांनी हे इतक्या ठामपणे सांगितलं, की सातबाराच पाहून आल्या असाव्यात. शिवाय कोकणस्थांची योगेश्वरी तरी कुठंय, अंबाजोगाईलाच ना? मुलांनी दोन्ही गोष्टी एकदमच मान्य केल्या, परशुरामाचा बाणही आणि गाव लपवायचा ठरावही. मुलांना अशा वेळी निवड करावी लागत नाही, हे मी नेहमी हेव्यानं बघत आले आहे.

मालवणच्या धक्क्यावर पहिल्यांदा समुद्र दिसला तेव्हा कुणी उद्गार वगैरे काढले नाहीत. धाकट्यानं बोट बुडवून जिभेला लावलं, थुंकला, आणि खात्री पटल्यासारखी मान हलवली. समोर, अर्ध्या मैलाच्या आतबाहेर, पाण्यातून उगवल्यासारखा सिंधुदुर्ग. होडीत बसताना नावाड्यानं विचारलं, "खयसून इलात?" माझं तोंड उघडायच्या आत भाचा म्हणाला, "नांदेड!" आजींनी पदर तोंडाला लावला. त्यांना हसू आलं होतं की लाटेची भीती, कोण जाणे.

होडी सरळ जात नव्हती. किल्ला नाकासमोर आणि आम्ही तिरपे. थोरलीनं विचारलं, तर नावाड्यानं हातानं पाणी दाखवलं: "खाली खडप आसा." नीट बघितलं तर खरंच, कुठं काळसर, कुठं पांढरी फेसाची रेघ. पाण्याखालच्या खडकांची ही दाटी म्हणजेच या जागेची पहिली तटबंदी. जंजिऱ्याचा सिद्दी हटत नव्हता, पोर्तुगीज, इंग्रज, डच समुद्रावर मोकळे फिरत होते, आणि महाराजांना आपल्या आरमारासाठी पक्कं ठाणं हवं होतं. मालवणसमोरचं कुरटे बेट त्यासाठी निवडलं गेलं. २५ नोव्हेंबर १६६४ ला किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा होऊन काम सुरू झालं, तीनेक वर्षांत पुरं झालं. देखरेख हिरोजी इंदुलकरांची. तारखा सांगून झाल्यावर थोरलीनं बोटांवर मोजलं: उंबरखिंडीनंतर चार वर्षांच्या आतच. कोकण घ्यायला आलेली फौज अडवली आणि मग कोकणाच्या दाराला कडी घातली, असा अर्थ तिनं लावला. इतिहासकार याला काय म्हणतील माहीत नाही. मला तो आवडला.

पायऱ्या कुठून सुरू होतात या प्रश्नाचं उत्तर होडी अगदी भिंतीजवळ जाईपर्यंत मिळत नाही. दरवाजाच दिसत नाही. तट एकमेकांत वळसा घेऊन असे घातलेत, की वाट त्या वळणाच्या पोटात लपते. आमच्या रामगडाचा हत्ती दरवाजा लांबूनच आपला रुबाब दाखवतो; इथं रुबाब दाखवायचाच नाही असं ठरवून बांधलंय. भाच्याला ही युक्ती एवढी पसंत पडली, की तो पुन्हा पुन्हा मागं जाऊन, "इथून दिसतो का? आता? आता?" करत राहिला. दरवाज्याशी मारुती आहे, त्याला आजींनी डब्यातला तांबूल ठेवला. शेजारी उभ्या असलेल्या पुण्याच्या बाईंनी तो मेंदीचा गोळा आहे का म्हणून विचारलं.

किल्ल्यावर वाटाडे आहेत आणि त्यांचं बोलणं ठरलेलं आहे. पायात शिसं ओतलं, बेचाळीस बुरूज, अठ्ठेचाळीस एकर, तटाचा फेरा तीन किलोमीटर, भिंतीची उंची तीस फूट, रुंदी बारा. मग दोन फांद्यांच्या माडाची आठवण, जो आता नाही. माणसं माना डोलावतात, फोटो काढतात, तासाभरात परत होडीकडं. नावाड्यानं आम्हालाही तेवढीच मुदत दिली होती. मागच्या होडीनं येतो म्हणून त्याला कबूल करून घेतलं आणि मी मुलांना मोकळं सोडलं. मला वाटतं, मुलांना घेऊन किल्ला बघायचा तर त्यांच्या मागून चालावं. पुढं चाललं की आपण त्यांना पाट्या वाचून दाखवतो.

ती आधी कुठं गेली? तटात. तटाच्या जाडीतच शौचकूप बांधलेले आहेत, एक-दोन नव्हे, बरेच. धाकट्याला ते सापडल्यावर जो आनंद झाला तो अंबाबाईच्या गाभाऱ्यातही झाला नव्हता. पण हसून झाल्यावर प्रश्न सुरू झाले आणि ते मुळीच पोरकट नव्हते. पहाऱ्यावरचा माणूस तोफ सोडून किती लांब जायचा? घाण कुठं जायची? आत एवढी माणसं, बेट एवढंसं, मग रोगराई का झाली नाही? थोरलीनं आपल्या रामगडावर अशी सोय कुठं आहे ते आठवून पाहिलं. तिला आठवेना, मलाही नाही. इतकी वर्षं आम्ही तिथं फिरतोय आणि कुणाच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. महाराजांच्या तलवारीबद्दल आपण खूप बोलतो. साडेतीनशे वर्षांपूर्वी समुद्रातल्या किल्ल्यावर शिबंदीच्या परसाकडची काळजी करणारा राजा मला त्या दिवशी जास्त जवळचा वाटला.

तटावर चढलं की वारा अंगावर येतो. खाऱ्या हवेनं दगडांना भोकं पाडली आहेत. मुलांनी प्रत्येक भोकात बोट घालून पाहिलं. समोर पद्मगडाचं छोटं बेट, उत्तरेला सर्जेकोटाची दिशा, किनाऱ्यावर राजकोट. म्हणजे सिंधुदुर्ग एकटा नव्हता, त्याला भोवती पाठीराखे होते. भाच्यानं जंग्यांतून डोळा लावून आरमाराचा शत्रू शोधला आणि एका मासेमारी ट्रॉलरवर तोफ डागली. इंग्रजांनी १७६५ मध्ये हा किल्ला जिंकला होता आणि त्याला आपल्याकडचं नावही देऊन टाकलं होतं, फोर्ट ऑगस्टस. पुढं तो कोल्हापूरकरांना परत मिळाला. हे मी सांगितलं, पण ट्रॉलर अजून बुडाला नव्हता, तेव्हा कुणी ऐकलं नाही.

विहिरींपाशी मात्र तिघंही थबकली. दूध विहीर, साखर विहीर, दही विहीर. चहूबाजूंनी खारं पाणी, आणि मधोमध गोडं. वाटाडे याला चमत्कार म्हणतात आणि पुढं चालू लागतात. टँकरची वाट बघत वाढलेली मुलं अशी पुढं जात नाहीत. पाणी कुठून येतं? आटत का नाही? मग कठड्याला टेकून मला जेवढं समजतं तेवढं सांगितलं. बेटावर पडलेला पाऊस भेगांतून खाली झिरपतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते खाली शिरलेल्या समुद्राच्या पाण्यावर तरंगून राहतं. विहीर त्या वरच्या थरापर्यंतच पोचायला हवी आणि उपसा बेताचा हवा. हावरटपणानं उपसलं, की खालचं खारं वर चढतं आणि विहीर कायमची बिघडू शकते. भाचा म्हणाला, "म्हणजे इथं मोटार लावायची नाही." आमच्या तालुक्यात बोअरवर बोअर मारून कोरड्या पडलेल्या शेतांची नावं तो मग एकामागून एक घेऊ लागला. ती इथं लिहीत नाही.

किल्ल्यावर अजून काही घरं आहेत, जुन्या शिबंदीच्या वंशजांची. पावसाळ्यात होड्या बंद होतात, समुद्र दारापर्यंत खवळतो, तेव्हा बरीच मंडळी मालवणला राहायला जातात. एका घराच्या पडवीत आम्ही कोकम सरबत प्यायलो. तिथला धाकट्याच्याच वयाचा मुलगा पायरीवर बसून आमच्याकडं बघत होता. किल्ल्यात घर असतं, घरात टीव्ही असतो, आणि तरी तो किल्लाच असतो, हे आमच्या मुलांना सगळ्यात अजब वाटलं. "तू इथंच राहतोस? रात्री पण?" त्यानं मान हलवली आणि उलट विचारलं, तुमच्याकडं समुद्र किती लांब आहे. धाकटा म्हणाला, "आमच्याकडं नाहीच." त्या मुलाच्या चेहऱ्यावरची कीव बघण्यासारखी होती.

शिवराजेश्वराचं मंदिर शेवटी ठेवलं होतं. राजाराम महाराजांनी ते उभारलं असं मानतात, साल १६९५ सांगतात. आत महाराज बसलेले आहेत, आणि त्यांना दाढी नाही. डोक्यावर कोळ्याच्या टोपीसारखं शिरोभूषण. कॅलेंडरावरचे, चौकातल्या घोड्यावरचे, शाळेच्या भिंतीवरचे महाराज इथं नाहीत. मुलं गोंधळली. भाच्यानं हात जोडले, थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आत्या, यांना कुणी सांगितलं असेल का, रायबागन बाई आहे म्हणून सोडा?" मी म्हटलं, बाई म्हणून नाही, शरण आलेल्या सगळ्यांनाच सोडलं, खानालाही. तो म्हणाला, "मग ठीक आहे." काय ठीक आहे, ते त्यानं सांगितलं नाही.

बाहेर पडताना चुन्यातले हाताचे आणि पायाचे ठसे पाहिले, महाराजांचे म्हणून जपलेले. थोरलीनं अंतर राखून आपला पंजा हवेत धरून मापला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात हा आहे, जिंजीसुद्धा आहे, हे तिला पाठ होतं. आपला माहूरगड त्यात का नाही, असं तिनं विचारलं. ती यादी मराठ्यांच्या युद्धशास्त्राची आहे, आपला गड दुसऱ्या हातांत वाढला. "पण वारसा तर आहे," ती म्हणाली. आहेच. त्यासाठी आधी आपण शौचकूप शोधून ठेवू, असं आमचं ठरलं.

रात्री जिथं उतरलो होतो त्या घरच्या काकूंनी बांगड्याचं तिखलं केलं होतं. आजींसाठी वेगळ्या भांड्यात काळ्या वाटाण्याची आमटी. त्यांनी आमचा पत्ता विचारला. मी भाच्याकडं बघितलं. तो काट्याशी झटापट करत होता. मान वर न करता म्हणाला, "माहूर. रायबागनचं गाव."

"माहूर म्हणजे रेणुकादेवीचा? मगे आधी सांगूक नाय?" काकूंच्या सख्ख्या बहिणीच्या सासरचं कुळदैवत माहूरची रेणुका निघालं, त्यांनी तांबूल मागून घेतला, कपाळाला लावला. आजींचा चेहरा असा काही उजळला की बांगड्याचा वाससुद्धा त्या विसरल्या. मग रायबागन कोण, हे काकूंनी विचारलं, आणि भाच्यानं सगळी गोष्ट सांगितली. माझ्या गोष्टीपेक्षा तिच्यात घोडे जास्त होते, रान जास्त दाट होतं, आणि रायबागन खानाला चक्क मराठवाडी शिव्या घालत होती. थोरली अधूनमधून साल दुरुस्त करत होती.

"मगे? महाराजांनी तिका सोडल्यानी?" काकूंनी विचारलं.

"सोडलं ना," भाचा म्हणाला. "सामान तेवढं ठेवून घेतलं."

"हत्ती पण?" धाकट्यानं विचारलं, आणि दोघांचं पुन्हा जुंपलं.